गुड्रुनचा उपास

५ फेब्रुवारी, रविवार
वारा नैर्ऋत्येचा, बोचरा. फ्योर्डच्या खाडीत पांढऱ्या लाटा.

सहा वर्षांनी वही उघडली. होडी विकली त्या दिवशी बंद केली होती. त्याआधी एकतीस वर्षं एक दिवस चुकवला नाही. वारा कुठला, मासे किती, बर्फावर गेलो असलो तर सील किती मारले. बाप सांगायचा, बायकोशी खोटं बोल, पाद्र्याशी खोटं बोल, पण होडीच्या वहीत खोटं लिहू नकोस, पुढच्या वर्षी तिच्याच भरवशावर बर्फात शिरायचंय. मी खोटं लिहिलं नाही. इतर बाबतीत माझी फारशी ख्याती नाही.

आज उघडली, कारण डोकं भडकलंय आणि घरात ऐकायला कोणी नाही. उद्यापासून गुड्रुनला सात दिवस उपाशी ठेवणार आहेत.

गुड्रुन म्हणजे आमच्या संशोधन केंद्रातली सील. नऊ वर्षांची, एकशे दहा किलोची. पश्चिमेच्या बर्फावरून पिल्लू असताना मीच आणली. ज्या हातांनी तिच्या जातीच्या हजारोंना मारलं, त्याच हातांनी हिला मासा गिळायला शिकवला. आधी फावल्या वेळात यायचो, होडी गेल्यावर केंद्राने मला पगारावर तिची देखभाल करायला ठेवलं. उपासाचा हुकूम आहे नव्या शास्त्रज्ञ बाईचा. सिनोवे. पस्तिशीची, बर्गनची, म्हणजे वर्षातले तीनशे दिवस पावसात भिजलेल्या लोकांपैकी. येऊन पाच महिने झाले, आणि आम्हा उत्तरेकडच्यांना सील शिकवते.

६ फेब्रुवारी, सोमवार
वारा पडला. थंडी उणे नऊ.

उपासाचा पहिला दिवस. कॉफीच्या टेबलावर बाई काचेच्या दोन नळ्या घेऊन आली. रक्त गरगर फिरवलं की लाल भाग खाली बसतो आणि वर पाणी राहतं, ते दाखवायला.

"आयलिफ, इकडे बघ. ही परवाची, हेरिंग खाल्ल्यावर तीन तासांनी काढलेली. ही आजची, रिकाम्या पोटाची."

पहिलीतलं पाणी दुधासारखं होतं. दुसरीतलं पातळ चहासारखं, आरपार दिसणारं.

"खाल्लेल्या माशाची चरबी रक्तात उतरते, म्हणून दुधाळ. आणि मासा पचला की युरिया वर चढतो. उपासात दोन्ही खाली यायला हवेत. सील स्वतःचं मांस राखून ठेवतो आणि अंगावरची चरबी जाळतो. असा उपाशी सील पाण्याखाली किती वेळ दम धरतो, ते बघायचंय."

"कशाला?"

"बर्फ कमी होतोय, मासा कमी होतोय. पुढे त्यांना असेच उपाशी दिवस काढायला लागणारेत."

"त्यांना लागतील तेव्हा ते काढतील. हिला कुठे लागलेत?"

ती हसली. "केस गळायच्या दिवसांत सील आठवडेच्या आठवडे बर्फावर न खाता पडून असतात. हे मी तुला सांगायचं?"

अंगाची लाही झाली. ते मला ठाऊक आहे. तिच्या आईचं लग्न व्हायच्या आधीपासून मी त्यांना तसं पडलेलं पाहिलंय. पण बर्फावरच्या सीलसमोरून रोज सकाळी सहा वाजता ओळखीचा माणूस रिकामी बादली घेऊन जात नाही. हे तिच्या पुस्तकात नसणार. वॅफल मात्र तिने चांगले केले होते. दोन खाल्ले.

७ फेब्रुवारी, मंगळवार
वारा ईशान्येचा, मंद.

सकाळी सहाला हौदाचं दार उघडलं तर गुड्रुन काठावर येऊन बसलेली. ओरडली नाही, काही नाही. नुसती बघत होती.

दोन वर्षांपूर्वी इस्पितळात माझ्या बायकोने, अस्लाउगनेही असंच बघितलं होतं. ऑपरेशनआधी पोट रिकामं हवं म्हणाले. ऑपरेशन उद्यावर गेलं, मग परवावर. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आयलिफ, घोटभर सूप आण रे." मी नर्सला विचारायला गेलो. नर्स नाही म्हणाली. मी आज्ञाधारक पोरासारखा परत आलो आणि नाही म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी ती गेली. ऑपरेशन झालंच नाही. भरल्या घरची बाई माझ्या देखत उपाशी गेली, आणि मी परवानगी मागत फिरलो.

घरी जाऊन माझ्या फ्रीजरमधले मासे आणले. केंद्रातले मोजलेले असतात. हेरिंग : चार.

९ फेब्रुवारी, गुरुवार
वारा तोच.

हेरिंग : सहा. सहा वाजता देतो. बाई साडेआठला येते, नऊला रक्त काढते. तोवर गुड्रुनचं तोंड धुतलेलं, काठ धुतलेला, एक खवला शिल्लक नाही. सील पकडायला जाताना वास येऊ द्यायचा नाही, हे मी बाईपेक्षा जास्त शिकलोय.

१३ फेब्रुवारी, सोमवार
वारा पश्चिमेचा, बर्फ पडतोय.

हेरिंग : सहा. उपास संपला.

आज तपासणी झाली. गुड्रुन हौदाच्या तळाशी नाकाने पाटी दाबून बसते, ती तिला शिकवलेली बुडी. एरवी अकरा मिनिटं बसते. आज सहा मिनिटांत वर आली आणि काठावर लोळली. रक्त फिरवलं तर वरचं पाणी पांढरं. युरिया सातपर्यंत उतरायला हवा होता म्हणे, एकवीस निघाला. वजनही ठरल्याइतकं उतरलं नाही.

पशुवैद्य ब्योर्नारला बोलावलं. तो चांगला माणूस, फक्त प्रत्येक वाक्याआधी दाढी खाजवतो. म्हणाला, "मूत्रपिंडं वाटतायत मला. युरिया साठतोय, रक्तात चरबी, अंगात पाणी धरल्यामुळे वजन जात नाही. सगळं जुळतं."

"सगळं नाही," बाई म्हणाली. "बाकीचे दोन-तीन आकडे बसत नाहीत."

बघा. सात दिवसांत मूत्रपिंडं खराब केली आणि वर आकडे बसत नाहीत म्हणून तक्रार. मी सहा-सहा मासे घातले नसते तर एव्हाना मेली असती. त्यांच्या तोंडावर सांगावंसं वाटलं. दात आवळून बादली धूत बसलो.

१५ फेब्रुवारी, बुधवार
वारा नाही. आज दुपारी डोंगरावर ऊन दिसलं.

बाई हौदापाशी आली. माझ्या शेजारी उलट्या बादलीवर बसली.

"आयलिफ, रागावू नकोस. कोणी तिला काही खायला घालतंय का? किल्ली तुझ्याकडे असते, म्हणून तुलाच विचारते."

"नाही."

"नक्की?"

"मी एकतीस वर्षं होडी चालवली. मला पोरासारखं विचारतेस?"

"बरं. तू नाही म्हणतोस तर नाही." उठून गेली. जाताना गुड्रुनच्या डोक्यावर हात ठेवला, तो मात्र ठेवायच्या जागी ठेवला.

तोंडाने खोटं बोललो. वहीत खरं लिहितोय. बापाचा नियम मोडलेला नाही. तिच्यासारखीला खरं सांगितलं तर मलाच हाकलतील आणि मग गुड्रुनकडे बघायला कोण?

१६ मार्च, गुरुवार
वाऱ्याकडे लक्ष नव्हतं.

दहा दिवस तापाने अंथरुणात होतो. नेमका मार्चचा उपास त्याच दिवसांत. किल्ली बाई घेऊन गेली होती, सकाळचं काम तीच करत होती. मी पडल्या पडल्या शिव्या देत होतो, हेरिंग कोण देणार म्हणून. सातही दिवस कोणी दिले नाहीत.

आज कामावर गेलो तर ब्योर्नारचा चेहरा खुललेला. "अरे, चमत्कार झालाय. रक्त चहासारखं स्वच्छ, युरिया सहावर, बुडी बारा मिनिटं. मूत्रपिंडं सावरली बघ."

बाई म्हणाली, "तू आजारी पडलास आणि गुड्रुन बरी झाली. तू रोज आजारी पडत जा."

चेष्टा केली. माझ्या टाळक्यात गेली. माझी पाठ फिरल्यावर ती माऊली बरी झाली म्हणे. म्हणजे नऊ वर्षं मी काय तिला विष घालत होतो? सीलचं अंग चिवट असतं, एवढंच. यांच्या छळाला पुरून उरली. पुढच्या वेळी मी असणार आहे. पुढच्या वेळी तिला कमी पडू देणार नाही.

सूप करून प्यायलो. गाजर कच्चं राहिलं.

३ एप्रिल, सोमवार
वारा उत्तरेचा, कडक.

तिसरा उपास सुरू. हेरिंग : दहा.

५ एप्रिल, बुधवार
हेरिंग : बारा. चुलतभावाच्या होडीवरून ताजे आणले, चरबीने निथळणारे. हे खाऊन कोणतंही दुखणं पळेल.

८ एप्रिल, शनिवार
वारा वळला, दक्षिणेचा. काठावरचा बर्फ मऊ.

हेरिंग : बारा. बाई आज सुट्टी असूनही आली. डोळे सुजलेले. तीन दिवसांचे आकडे बघून झोप लागत नाही म्हणाली. चांगलं आहे. उपाशी ठेवणाऱ्याला झोप लागूच नये.

१० एप्रिल, सोमवार
वारा दक्षिणेचा. पाऊस.

हेरिंग : चौदा.

रक्त फेब्रुवारीपेक्षा वाईट. नळीतलं पाणी सायीसारखं दाट. युरिया सव्वीस. बुडी साडेचार मिनिटं. ब्योर्नारने दाढी खाजवलीसुद्धा नाही, सरळ खाली बसला.

मी बाईला सगळ्यांसमोर बोललो. "तू मारलंस तिला. बर्फावर आम्ही एका घावात मारायचो, तू आठवडा लावतेस." ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं होतं बरं वाटेल. थोडं वाटलं.

१२ एप्रिल, बुधवार
वारा लिहीत नाही.

ठरलं. मूत्रपिंडं गेली आहेत, हाल करायचे नाहीत. ईस्टरची सुट्टी संपली की मंगळवारी, अठरा तारखेला, सकाळी दहाला ब्योर्नार इंजेक्शन देणार. बाईने मुद्दाम वेळ मागून घेतला, निदान ईस्टर तरी गुड्रुनला निवांत मिळू दे म्हणून. मंगळवारी गुड्रुनचं डोकं मांडीवर ती धरणार.

तिने का धरायचं? नऊ वर्षं माझ्या मांडीवर होतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांवर लक्ष ठेवणारी समिती आहे. तिला पत्र लिहिणार. दिवस, तारखा, आकडे, सगळं. बाईला परत बर्गनच्या पावसात पाठवल्याशिवाय गप्प बसणार नाही.

१४ एप्रिल, शुक्रवार. गुड फ्रायडे.
वारा नाही. ऊन. गाव रिकामं, सगळे, बाईसुद्धा, स्की घेऊन डोंगरातल्या झोपड्यांवर गेलेत.

सकाळी पत्र लिहायला बसलो. पुराव्यासाठी ही वही शेजारी उघडी ठेवली. कागदाच्या डाव्या बाजूला तारीख, उजवीकडे रक्त काय निघालं ते. मधे जागा उरली, म्हणून होडीवरच्या सवयीने मासे किती तेही लिहिलं.

फेब्रुवारी. हेरिंग सहा. रक्त दुधाळ, युरिया एकवीस.
मार्च. हेरिंग नाही, मी अंथरुणात. रक्त स्वच्छ, युरिया सहा.
एप्रिल. हेरिंग चौदा. रक्त सायीसारखं, युरिया सव्वीस.

पेन खाली ठेवलं. मागे उलटून सहा फेब्रुवारीचं पान वाचलं. दोन नळ्या. खाल्लेल्या माशाची चरबी रक्तात उतरते. मासा पचला की युरिया वर चढतो. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, आणि खाली वॅफलचं कौतुक. बुडीचंही तसंच. पोटात तीन किलो मासा कोंबल्यावर कोण कशाला तळाशी दम धरून बसेल?

तिची मूत्रपिंडं धडधाकट आहेत. मरणार आहे ती माझ्या हेरिंगने.

उठून अंगणात गेलो. लाकडं फोडायला घेतली, पाच-सहा फोडली आणि कुऱ्हाड बर्फात फेकून दिली. दोन महिने मी त्या पोरीला खुनी म्हणत होतो. तिने मला सरळ विचारलं होतं. उलट्या बादलीवर बसून, सभ्यपणे. आणि मी होडीची एकतीस वर्षं तिच्या तोंडावर फेकली.

सांगायचं तर नोकरी जाणार, ते जाऊ दे. गावात हसतील, तेही जाऊ दे. अडचण ही की नुसत्या तोंडी सांगण्यावर माझ्यासारख्याचं कोण ऐकेल? त्यांना वाटेल, म्हातारा सील वाचवायला काहीही बरळतोय. तोंडाला आता किंमत नाही. वहीला आहे. आणि वहीत काय काय लिहून ठेवलंय तिच्याबद्दल.

अस्लाउगचंही आहे.

पानं फाडून नेता येतील, फक्त माशांची. कात्री काढली. मग कात्री परत ठेवली. कापलेली वही कुठल्या नावाड्याने खरी मानली असती?

१५ एप्रिल, शनिवार
वारा आग्नेयेचा, हलका. ऊन डोळ्यात खुपणारं.

गाडीने पुलापर्यंत, पुढे स्कीवर दीड तास. वर पोचलो तेव्हा बाई झोपडीच्या भिंतीला टेकून उन्हात संत्रं सोलत बसली होती. मला बघून उभी राहिली. चेहरा पांढरा पडला.

"गेली का?"

"नाही. तिला काही झालेलं नाही. काहीच झालेलं नाही." वही पुढे केली. "सात फेब्रुवारीपासून वाच. तुझ्याबद्दल जे आहे ते मी रागात लिहिलंय."

"म्हणजे खरं लिहिलंयस," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

सगळं वाचलं. एकही पान सोडलं नाही. मी स्की न काढता तसाच उभा. सात फेब्रुवारीच्या पानावर ती बराच वेळ थांबली. पुढे वाचता वाचता मान लाल होत गेली. वही मिटली.

"तू माझ्या डोळ्यात बघून नाही म्हणालास."

"हो."

"मी दोन महिने झोपले नाही. माझं काय चुकलं म्हणून प्रत्येक नळी तीन-तीनदा तपासली. मंगळवारी मी तिचं डोकं धरणार होते, आयलिफ. धडधाकट जनावराचं. आणि जन्मभर मला ते कळलं नसतं." संत्र्याची फोड हातात होती ती तिने बर्फात भिरकावली. "तुझी बायको गेली त्याचं मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण मी ती नर्स नाही. आणि गुड्रुन तुझी बायको नाही. किल्ली दे."

किल्ली दिली. ती टेकडीवर फोन लागतो तिथे चढून गेली. ब्योर्नारशी बोलली, खूप वेळ. खालून मला तिचे हलणारे हात दिसत होते. उतरली तेव्हा आवाज थंड होता.

"समितीला पुरावा लागेल. नुसत्या वहीवर ते थांबणार नाहीत. मंगळवारपासून पुन्हा सात दिवस. मी स्वतः तिथे राहणार. पंचवीसला रक्त स्वच्छ निघालं तर ती वाचली. पुन्हा दुधाळ निघालं तर ब्योर्नार तिथेच उभा असेल."

"मी काय करू?"

"कुंपणाच्या बाहेर उभा राहा. लिहायची सवय आहे ना, लिही."

उतरताना दोनदा पडलो. स्की चांगल्या होत्या, पाय नव्हते.

१८ एप्रिल, मंगळवार
वारा पश्चिमेचा. हेरिंग : शून्य.

दहा वाजले आणि काही झालं नाही. हे आधी लिहितो.

केंद्राचं पत्र आलं, महिनाअखेरीस माझं काम संपतं. दोन ओळींचं आहे. मी असतो तर एकच लिहिली असती.

२० एप्रिल, गुरुवार
वारा उत्तरेचा. हेरिंग : शून्य.

बाई ऑफिसातल्या कोचावर झोपते. सकाळी सहाला मी कुंपणापाशी पोचलो तर ती आधीच हौदावर हजर, केस विस्कटलेले. माझा भरवसा नाही, म्हणून उठून बसते. बरोबर करते आणि त्याचाही मला राग येतो.

२१ एप्रिल, शुक्रवार
हेरिंग : शून्य.

गुड्रुन जाळीपाशी आली. माझ्याकडे बघत बसली, तसंच. मी खिशात हात घालून उभा राहिलो. खिशात काही नव्हतं. घरून निघताना दोन मासे कागदात बांधले होते. मग सोडून परत फ्रीजरमध्ये ठेवले. वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून हेही लिहिलं.

तिच्या नजरेत भूक होती की सवय, मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं सांगता येतं.

२३ एप्रिल, रविवार
वारा पडला. हेरिंग : शून्य.

अस्लाउगच्या थडग्यावर गेलो. बर्फ बाजूला केला. तिला सांगितलं, मी मूर्ख आहे. तिला नवीन काही वाटलं नसेल.

आता भांडायला कोणी उरलं नाही. ती नर्स तरी काय करणार होती, तिलाही वरून कोणीतरी सांगितलं असेल. दोन वर्षं जो राग सांभाळला तो जाऊन जाऊन शेवटी माझ्याच दारात येऊन बसलाय. त्याला आत घेतलंय. कॉफी मात्र एकाचीच केली.

२५ एप्रिल, मंगळवार
वारा दक्षिणेचा, उबदार. खडकांवर बर्फ नाही.

नऊला रक्त काढलं. मी कुंपणाबाहेर. ब्योर्नार बॅग घेऊन आलेला, बॅग बंद. बाई नळ्या घेऊन आत गेली. यंत्र फिरायला दहा मिनिटं लागतात, आज मला घड्याळ बंद पडल्यासारखं वाटलं.

बाहेर आली. माझ्याकडे न बघता नळी उन्हात वर धरली. जाळीतून मला आरपार फ्योर्ड दिसला. पातळ चहा. युरियाचा आकडा नंतर आला, सहा. बुडी बारा मिनिटं आणि थोडी वर. ब्योर्नारने दाढी खाजवली आणि बॅग उचलून तो गाडीकडे गेला.

मग बाईने बादली आणली. माझी बादली. आज खायला घालायचं काम माझं नव्हतं, पुढेही असणार नाही. मी पाठ फिरवून निघालो.

"आयलिफ, थांब. वही काढ."

थांबलो. तिच्या आवाजात राग होता, अजून बरेच दिवस राहील. माझ्याकडेही आहे, जायला जागा शोधतोय. पण मी वही काढली.

उपासानंतर पहिल्या दिवशी थोडंच द्यायचं असतं. ती एकेक मासा टाकत होती आणि प्रत्येक माशाला मोठ्याने आकडा म्हणत होती, गुड्रुनकडे बघत, पण मला जाळीपलीकडे ऐकू येईल इतक्या जोरात. शेवटी रिकामी बादली उलटी करून दाखवली.

हेरिंग : आठ.